लेहमध्ये पहिल्या रात्री मद्य घेतल्याने नेमके काय होते?

प्रश्न
जूनमध्ये आमचा पुण्यातील गट विमानाने थेट लेहला जाणार आहे. पहिल्या रात्री रमचा एखादा पेग घेतल्यास ऊब राहते आणि विरळ हवेतही झोप लागते, असे काही जण म्हणतात. डॉक्टरांनी मात्र सक्त मनाई केली आहे. मद्याचा प्राणवायूच्या कमतरतेशी खरोखर संबंध आहे, की ही केवळ सर्वसाधारण खबरदारी आहे?

प्रतिसाद १
संबंध आहे, आणि तो मूलभूत आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो, परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्यामुळे प्रत्येक श्वासातून तो कमी मिळतो. ही तूट मानेतील कॅरोटिड धमन्यांजवळच्या संवेदकांना जाणवते, ते मेंदूला तसा संदेश देतात आणि श्वसन आपोआप वाढते. शरीर उंचीला सरावेपर्यंत मुख्य भिस्त याच वाढलेल्या श्वसनावर असते. मद्य नेमका हाच प्रतिसाद दडपते. शिवाय झोपेत श्वसन मुळातच मंदावते आणि मद्यामुळे घशाचे स्नायूही सैलावतात, म्हणून झोपण्यापूर्वीचा पेग मला सर्वांत घातक वाटतो.

प्रतिसाद २
जर्मनीतील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे आकडे येथे उपयोगी पडतील. विमानाच्या केबिनमध्ये असतो तेवढ्या, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीइतक्या दाबात त्यांनी निरोगी तरुणांना झोपवले. मद्य न घेता झोपलेल्यांच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी ८८ टक्क्यांच्या आसपास होती, मद्य घेतल्यावर ती ८५ टक्क्यांवर आली, आणि नाडी मिनिटाला ७३ वरून ८८ पर्यंत चढली. लेह त्याहून हजार मीटर उंच आहे. गटात हृदयविकार किंवा दम्याचे कोणी असल्यास हे त्यांना आवर्जून सांगावे.

प्रतिसाद ३
उबेबद्दल लिहितो. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब जाणवते खरी, पण शरीरातील उष्णता उलट वेगाने बाहेर पडते. मला याहून मोठी काळजी वाटते ती लक्षणांची. डोकेदुखी, मळमळ आणि थकवा ही उंचीच्या आजाराचीही लक्षणे आहेत आणि आदल्या रात्रीच्या मद्याचीही. मेंदूला सूज येऊ लागल्यास माणसाचा तोल जातो, बोलणे असंबद्ध होते, आणि सोबत्यांना तो प्यायलेला आहे एवढेच वाटते. असे कोणी दिसल्यास ‘सकाळपर्यंत उतरेल’ असे म्हणून त्याला झोपू देऊ नये. त्याच रात्री रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन सुरू करावा आणि लवकरात लवकर कमी उंचीवर हलवावे.