भात सोडलात, पण तेलाचा डबा?

"भात-साखर बंद, रोज तासभर चालणं, तरी वजनाचा काटा जागचा हलत नाही" ही अनेकांची तक्रार रास्त आहे आणि त्यावर मिळणारा थायरॉईड तपासण्याचा सल्लाही. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्याच. पण रिपोर्ट नॉर्मल आला की लोक पुन्हा बिचाऱ्या भाताच्याच मागे लागतात. तेलाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. माझी वहिनी दादरला राहते, शिवाजी पार्कला नेमाने फेऱ्या मारते, रात्री भाकरी-भाजीच. वजन ढिम्म. घरात माणसं चार आणि वाण्याकडून महिन्याला पाच लिटरचा डबा! म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या आसपास, साधारण साडेतीनशे कॅलरी. तासभर साध्या चालीने जळतात जेमतेम दोन-अडीचशे. कांदा परतताना बाटलीतून थेट धार, शिजल्यावर वरून पुन्हा फोडणी, असं ते जातं. मग तिने बाटली कट्ट्यावरून हलवली आणि पोह्याच्या चमच्याने तेल मोजायला लागली. भाजी खाली लागते म्हणून दादा कुरकुरला, पण पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की छान शिजते. डबा आता दीड महिना पुरतो, आणि काटाही सरकलाय, सावकाश का होईना.

व्यायाम नव्याने सुरू केला असेल तर स्नायूंत पाणी धरलं जातं, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे काटा फसवतो. तेव्हा कमरेला टेप लावा. आपल्याकडे बायकांना ८० सेंमी आणि पुरुषांना ९० सेंमी ही मर्यादा धरतात.