मदत हवी आहे: 'द ब्रेडी बंच मूव्ही'आधी मूळ मालिकेचे कोणते भाग दाखवू?

शनिवारी १९९५ चा हा सिनेमा पुन्हा लावायचाय. मुलांनी ब्रेडी कुटुंबाची मूळ अमेरिकन टीव्ही मालिका (१९६९-७४) पाहिलेली नाही, आणि सिनेमा तिचीच थट्टा करतो. मागे तसाच लावला, तर नव्वदीतल्या लॉस एंजेलिसमध्ये सत्तरीचे कपडे घालून हिंडणारं कुटुंब बघून ती हसली, पण बाकी अर्धे विनोद डोक्यावरून गेले. "हिच्या नाकावर फुटबॉल बसला, यात एवढं काय?" असं थोरलीने विचारलं. आता काय सांगणार!

म्हणून तो मार्शाच्या नाकाचा भाग, गायक डेव्ही जोन्सचा आणि धाकटी बहीण जॅन वैतागून "मार्शा, मार्शा, मार्शा" करते तो, असे तीन दाखवून झालेत. जॅनचा लगेच लागू पडला. घरात दोन बहिणी आहेत.

राहिले ब्रेडींचे बाबा, माइक. सिनेमात माइकचं उपदेशाचं गुऱ्हाळ गोल गोल फिरून आहे तिथेच येतं, त्याची खरी मजा मूळचा धीरगंभीर माइक पाहिल्याशिवाय नाही. ११७ भाग चाळायला वेळ नाही, आणि पंचवीसेक मिनिटांचा एकच भाग बसेल. दुसरा सिनेमा (१९९६) सुचवू नका, तो नंतर बघणारच आहोत.

तर माइकचं अस्सल, लांबलचक प्रवचन असलेला एकच भाग निवडायचा झाला, तर कोणता?