ना डोंगर, ना चिखल: माउंटन प्लोव्हरला मराठीत काय म्हणाल?

गवतफुला: जूनच्या पहिल्या आठवड्यात इथे अमेरिकेत, कोलोराडोतल्या पॉनी नॅशनल ग्रासलँड या सरकारी गवताळ रानात जाऊन आलो. इथल्या मराठी मंडळाच्या मुलांसाठी पक्ष्यांची मराठी यादी करायला घेतली आणि माउंटन प्लोव्हरपाशी अडले. प्लोव्हर म्हणजे आपला चिखल्या, मग हा ‘डोंगरी चिखल्या’. पण हा पठ्ठ्या डोंगरात राहत नाही, चिखलाशी तर देणंघेणंच नाही. गवत धड घोट्याएवढंही नसतं अशा उघड्या जमिनीवर नुसता खळगा करून तीन अंडी घालतो. चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. पाठ फिरवून उभा राहिला की मातीत मिसळून जातो, दुर्बीण रोखलेली असूनही हरवतो. सुचवा.

बार्शीकर: पळतो-थबकतो म्हणजे आपल्या माळावरचा धाविक पक्षीच की.

पाणथळ: धाविकाचं कूळच वेगळं. उद्या वटवाघळाला पक्षी म्हणाल.

दुपारचा चहा: माळटिटवी?

पाणथळ: त्या नावाची टिटवी आहे आधीच, डोळ्यापुढे पिवळी कातडी लोंबते ती. शिवाय टिटवी गप्प बसत नाही. आमच्याकडे ती रात्री घरावरून ओरडत गेली की आजी देवापुढे दिवा लावायची. अंडी उंचवट्यावर दिसली की मात्र खूश, पाऊस चांगला म्हणून.

शब्दवेल्हाळ: पावसाचं निघालं म्हणून: प्लोव्हरच्या मुळाशीही लॅटिनमधला पाऊसच आहे, ‘प्लुव्हिया’. तेव्हा वर्षाल. घ्या, नवा शब्द.

बार्शीकर: नको. औषधाचं नाव वाटतं.

ढोकळा नव्हे ढोक: नवा शब्द कशाला पाडता? माळढोक बघा. ढोक हा पाण्याकाठचा, बगळ्यासारखा पक्षी, ढोकरी त्यातलीच. कोरड्या रानातला थोराड पक्षी दिसला, लोकांनी ओळखीच्या ढोकाला ‘माळ’ जोडला आणि काम झालं. तसाच माळचिखल्या. चिखल नसला तर नसू दे.

शब्दवेल्हाळ: पण हा पक्षी प्रेअरीतला, तिकडच्या गवताळ मैदानातला, आणि प्रेअरी म्हणजे माळ नव्हे. फ्रेंचमध्ये प्रेअरी म्हणजे कुरण. कुरणचिखल्या म्हणा हवं तर.

बार्शीकर: कुरण राखलेलं असतं हो. माळ उघडा, कुणीही जावं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक बघायला गेलोय, त्या रानाला कुरण म्हणाल तर मेंढपाळ हसतील.

गवतफुला: गंमत म्हणजे पॉनीला दोन्ही लागू पडतं. तिथे लोकांनी जमीन नांगरली, १९३०च्या दशकातल्या दुष्काळात माती उडून गेली, मग सरकारने पडीक शेतं विकत घेतली. आता परवाना काढून गुरं चरतात. म्हणजे गायरानच!

पाणथळ: गायरान गावाचं असतं. सरकारी ते राखीव.

दुपारचा चहा: शाळेत भूगोलात प्रेअरी, पंपास, स्टेप्स पाठ केलं तेव्हा कुणाचं अडलं नाही. प्लोव्हर लिहा आणि मोकळ्या व्हा. मुलं तिकडचीच आहेत.

शब्दवेल्हाळ: मग यादी मराठीत कशाला?

गवतफुला: मलाही तसंच वाटत होतं, पण आई सोबत होती. प्रेअरी डॉगच्या बिळांच्या वसाहतीपाशी गाडी थांबवली. भर उन्हात एका बिळाच्या तोंडाशी मूठभर घुबड, लांब पाय, पिवळे डोळे वटारून उभं. मी ‘बरोइंग आउल’ म्हणून यादीत खूण करेपर्यंत आई काच खाली करून म्हणते, “अगं, हा तर पिंगळा! बिळात काय करतोय मेला?”

पाणथळ: आईंना माझा नमस्कार सांगा. दोन्ही अथेनी या एकाच प्रजातीतले, म्हणजे जीनसमधले. बिळातला पिंगळा, यात बदल करायचा नाही.

बार्शीकर: आमच्याकडे पिंगळा म्हणजे पहाटे कंदील घेऊन दारी येणारा भिक्षेकरी. पक्ष्याला कुणी म्हणत नाही.

ढोकळा नव्हे ढोक: पक्ष्यावरूनच त्याला नाव पडलं ना!

बार्शीकर: उलटही असेल.

दुपारचा चहा: आणि प्रेअरी डॉगचं काय? पेपरवाले ‘प्रेअरी कुत्रा’ छापतात. खार आहे ती, भुंकते म्हणून कुत्रा?

गवतफुला: तूर्त ‘माळचिखल्या’ लिहिलंय, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

शब्दवेल्हाळ: कुरणचिखल्या.