ज्यांनी आपल्याला क्राफ्ट बिअर शिकवली, त्यांच्याकडे आता जायचं कशाला?

मुठाकाठचा
थेट विचारतो. नदीपलीकडची ती जुनी ब्रुअरी, बिअर तिथेच बनवून पाजणारी. नाव घेत नाही, मालक तोंडओळखीचे आहेत आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. तिथे तुमच्यापैकी कोण अजून बिअरसाठी जातं? पार्किंग मिळतं म्हणून नाही, मॅच मोठ्या पडद्यावर दिसते म्हणून नाही. बिअरसाठी.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. २००९ साली उंड्रीला कोरिंथियन्स क्लबमध्ये डूलॅली नावाची ब्रुअरी सुरू झाली, तोवर पुण्यात बिअर म्हणजे किंगफिशर नाहीतर हेवर्ड्स ५०००, आणि वेटरला विचारायचा प्रश्न एकच: चिल्ड आहे ना? डूलॅलीने गव्हाची गढूळ हेफेवाइझेन पाजली आणि लोक चक्रावले. त्यानंतर जी लाट आली त्यातली ही ब्रुअरी. कडक कडू आयपीए (इंडिया पेल एल) बोर्डावर ठेवायची हिंमत यांनी केली. कोणी ग्लास परत पाठवला तर ब्रुअर स्वतः टेबलाशी येऊन हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) म्हणजे काय ते सांगायचा. आम्ही तिथे बसून बिअर प्यायला शिकलो, हे शंभर टक्के मान्य.

आता बोर्डावर मँगो, लिची, पॅशनफ्रूट. आयपीए आहे, पण कडूपणा कुठे गेला कोण जाणे. आणि गेल्या खेपेला साध्या, फिकट लागर बिअरला चक्क पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास. ग्लास धुतल्यामुळे अजून कोमट, फेस दोन मिनिटांत गायब. माझं म्हणणं एवढंच: नवीन काही नाही केलंत तरी चालेल, पण जे तुम्हीच शिकवलंत ते तरी नीट करा.

हॉपवेडा
+१. लिचीचं नाव काढू नका, कालचं जेवण वर येतं.

टेकडीवरचा
असहमत, आणि जरा स्पष्टच बोलतो. तुम्ही जुने दर्दी म्हणजे मंगळवारी संध्याकाळी येणार, हॅपी अवरमध्ये दोन पाइंट घेणार, एक मसाला पापड सांगणार आणि चार जणांचं टेबल तीन तास अडवणार. शनिवारी हिंजवडी-खराडीची पोरं येतात, ती पिचर मागवतात, पिझ्झा मागवतात. ब्रुअरी कोणावर चालते? बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, लायसन्स फी वाढली. २०२५ च्या जुलैत राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस शटर खाली ओढलं ते हौसेने नाही. तुमच्या पिल्सनर लागरचा खर्च ती मँगो काढते, तेव्हा मँगोला नावं ठेवताना जरा हात आखडता घ्या.

मुठाकाठचा
मँगोला नावं ठेवत नाहीये हो. बटरला ठेवतोय. वाचा की नीट.

मॅशटन
काही वर्षं ब्रुअरीत काम केलंय (ही नव्हे), म्हणून बटरबद्दल लिहितो.

त्या वासाचं नाव डायअसेटाइल. फर्मेंटेशन चालू असताना यीस्टच्या कामातूनच ते तयार होतं, आणि शेवटी यीस्टच ते परत खाऊन टाकतं. फक्त त्याला सवड द्यावी लागते. लागर थंडीत फर्मेंट होते, म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस तापमान थोडं वर न्यायचं, यीस्टला जाग आणायची, वास गेला की मग पुन्हा खाली. घाईने टाकी थंड केली की यीस्ट झोपतं आणि बटर तसंच राहतं. दुसरं कारण म्हणजे घाण लाइन. टाकीपासून नळापर्यंतच्या नळ्या वेळच्या वेळी कॉस्टिक सोड्याने धुतल्या नाहीत की आत बॅक्टेरिया बसतात, तेही हाच वास देतात. सोबत आंबट झाक असेल तर लाइनवर संशय घ्या, नुसतं बटर असेल तर घाईवर.

आता घाई का? गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते. नीट लागर पाच-सहा आठवडे टाकी अडवते. एखाद्याकडे टाक्याच सहा असतील आणि शनिवारी हेफे (ती गव्हाची हेफेवाइझेन) संपत असेल, तर मॅनेजर ब्रुअरच्या मागे लागणारच, की लागर काढ आणि टाकी मोकळी कर. ब्रुअर बदलला, नवा नोकरदार आला, मालक दुसऱ्या शहरात आउटलेट काढण्यात गुंतले, की 'अजून चार दिवस थांबा' म्हणणारं कोणी उरत नाही. माझ्या मते बिअर बिघडते ती इथे, फळांमुळे नाही. उलट फळाच्या बिअरमध्ये असला दोष लपतो, लागरमध्ये लपायला जागाच नसते.

साताऱ्याचा पाहुणा
पण नवीन-नवीन कशाला पाहिजे सगळ्यांना? चितळ्यांनी बाकरवडीत दरवर्षी काय वेगळं केलं?

हॉपवेडा
पुण्यातली चर्चा बाकरवडीवर यायला किती वेळ लागतो तेच बघत होतो.

मुठाकाठचा
अहो पाहुणे, तेच तर म्हणतोय मी! बाकरवडी बदलली नाही आणि बिघडलीही नाही. इथे दुसरं झालंय.

कॅस्केड
मी सध्या कॅलिफोर्नियात, मूळचा कर्वेनगरचा. इथला एक किस्सा या वादात बसतो. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी बुडायला आली होती, तेव्हा १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने ती घेतली आणि जगवली. १९७५ च्या त्यांच्या लिबर्टी एल या बिअरमध्ये कॅस्केड जातीचे हॉप्स होते (माझं इथलं नाव त्यावरूनच). अमेरिकेतल्या आजच्या आयपीएंची वंशावळ तिथपर्यंत नेता येते. २०१७ मध्ये जपानच्या सापोरो कंपनीने ती विकत घेतली आणि २०२३ च्या जुलैत बंद पडल्याची बातमी आली. मग काय, जो तो हळहळला, दुकानांतल्या उरलेल्या बाटल्यांसाठी धावाधाव झाली. आदल्या वर्षी यातले किती जण विकत घेत होते? माझ्या ओळखीतले तर फारसे कोणी नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या उद्योजकाने ती घेतली, तो भाग वेगळा.

मुद्दा असा की 'तुम्ही थोर आहात' म्हणून लांबून नमस्कार करणाऱ्यांवर ब्रुअरी चालत नाही. इथलीच सिएरा नेवाडा ब्रुअरी बघा. १९८० पासूनची त्यांची पेल एल आजही मिळते आणि चांगली मिळते, पण २०१८ मध्ये त्यांनी हेझी, म्हणजे गढूळ, आयपीए देशभर काढली आणि ती धो धो खपली. म्हणजे टेकडीवरचा म्हणतात तो धंदा आणि मुठाकाठचा म्हणतात ती इमानदारी एकाच छपराखाली राहू शकते.

टेकडीवरचा
सिएरा नेवाडाकडे टाक्यांचं जंगल आहे. इथे सहा टाक्या आणि डोक्यावर एक्साइजवाले. तुलना करताना हे धरा.

मैत्रेयी कोथरूड
सगळे पुरुष बोलून झाले असतील तर माझं ऐका. त्या ब्रुअरीच्या आधी मला बिअर प्यायची तर परमिट रूमचा वरचा मजला, 'फॅमिली एसी', ट्यूबलाइट, आणि प्रत्येक वेळी खालच्या टेबलांवरून जिन्यापर्यंत सोबत येणाऱ्या नजरा. या जागेत मी एकटी जाऊन बारच्या उंच स्टुलावर बसले, ब्रुअरला हेफेमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास कुठून येतो ते विचारलं. त्याने 'सोबत कोणी आहे का मॅडम' न विचारता 'यीस्टमधून' असं उत्तर दिलं. तुमच्या हिशेबात हे कुठे बसतं?

मुठाकाठचा
मैत्रेयीताई, मान्यच आहे. पण हे जागेबद्दल झालं, बिअरबद्दल नाही. आता तशा जागा चिक्कार आहेत. टॉइट ब्रुअरी बंगळुरूहून येऊन कल्याणीनगरात बसलीय, एफिंगट ब्रुअरी आहे. तिथेही कोणी विचारत नाही.

मैत्रेयी कोथरूड
आता आहेत, कारण आधी कोणीतरी केलं. आणि जागा वेगळी, बिअर वेगळी हे तुम्हाला जमतं, कारण तुम्हाला कुठेही बसून पिता येत होतं. मी अजून जाते. त्यांची लागर बिघडली असेल तर मला राग येतो, सोडून जावंसं वाटत नाही.

हॉपवेडा
ताईंनी विकेट काढली. तरी मी म्हणेन, मला नवीन चव हवी तेव्हा मी मूनशाइन कंपनीची मीड (मधाची दारू) घेतो, नाहीतर कोणी कोकम घालून एल केली असेल ती शोधतो. जुन्या ब्रुअरीची आठवणही येत नाही. राग वगैरे लांबच.

मॅशटन
एक सुचवतो. बोर्डावरची सगळ्यात साधी, फिकट बिअर मागा. वास आला तर ग्लास परत द्या आणि कारण सांगा: 'बटर येतंय, ब्रुअरला सांगा.' नुसतं 'आवडली नाही' म्हटलं तर वेटर दुसरी आणून देतो आणि गोष्ट मागे पोचतच नाही. कारण कळलं की टाकी तपासली जाते. आम्ही तरी तपासायचो. दर्दी लोक गप्प बसून दुसरीकडे जातात, यात ब्रुअरीचं सगळ्यात जास्त नुकसान आहे.

मुठाकाठचा
सांगितलं ना राव. अगदी याच शब्दांत सांगितलं. पोरगं आत जाऊन आलं आणि म्हणालं, "सर, मग मँगो देऊ का?"

टेकडीवरचा
घेतली का?

मुठाकाठचा
मसाला पापड संपायचा होता. घेतली.

मैत्रेयी कोथरूड
मी गुरुवारी जातेय. लागर मागवते आणि मॅनेजरला नाही, ब्रुअरला बोलवायला सांगते. आला तर कळवते.