पाय न वापरता सुलटा होणारा
गुळगुळीत फरशीवर झुरळाच्या पायांना पकड मिळत नाही, म्हणून उताणं पडलं की ते नुसतं तडफडत राहतं, हे म्हणणं पटतं. पण त्यावरून कुणी ‘पायांवाचून कुठलाच किडा सुलटा होत नाही’ म्हणेल, तर ते काही खरं नाही. क्लिक बीटल नावाचा भुंगेरा बघा. पावसाळ्यात व्हरांड्यातल्या दिव्याखाली येतो, लांबट, तपकिरी. उलटा पडला की पाय चक्क पोटाशी दुमडून घेतो आणि पाठीची कमान करतो. छातीखालची बारीक खुंटी मागच्या खाचेच्या काठावर अडकलेली असते. स्नायूंचा ताण वाढत जातो, खुंटी निसटून खाचेत घुसते आणि ‘टक्’! गडी हवेत, तेही गुरुत्वाच्या शेकडो पट त्वरणाने. (आमच्या मांजराची भंबेरी उडते.) मात्र सुलटाच पडेल याची हमी नाही, नाही जमलं की पुन्हा टक्.