मोठ्या दुकानांनी अंध ग्राहकासोबत कर्मचारी दिलाच पाहिजे का?

रेणुका, पुणे
मी जन्मापासून अंध आहे आणि घरचं सामान मीच आणते. जिथे ट्रॉली घेऊन माल आपणच उचलायचा असतो, अशा मोठ्या दुकानांवर एक सक्ती हवी असं माझं ठाम मत आहे. अंध ग्राहकाने मागितलं, तर सोबतीला कर्मचारी द्यायचा आणि तो शिकवलेला असायला हवा. आज दारातच "मॅडम, सोबत कोणी नाही का?" असं विचारतात, नाहीतर दंड धरून ओढत नेतात. मग माझ्या हातात येतो तो शाम्पू, जो त्या मुलाला बरा वाटला. त्याने मला तीन बाटल्यांचे भाव, वजन आणि तारखा वाचून दाखवाव्यात. कोणती घ्यायची ते मी ठरवीन.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, कलम ४६ वाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा आणि सेवा वापरता याव्यात यासाठीचे, नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, किमान काही सक्तीचे हवेत. मग दुकानं कशी वगळायची?

सदानंद, किराणा दुकान, कराड
ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण सक्ती नको. आमच्याकडे गिऱ्हाईक काउंटरशी उभं राहतं, मागेल ते आम्ही काढून देतो, भाव सांगतो. एक अंध गुरुजी वर्षानुवर्षं येतात. तूरडाळ बोटांत घेऊन, वास घेऊन पसंत करतात, त्यासाठी कायदा लागला नाही. आज मोठ्यांवर नियम आला की उद्या तपासनीस आमच्या दारात येणार. संध्याकाळच्या गर्दीत माझ्याकडे एकच पोरगा असतो, तो कुणाकुणाला देऊ? शिवाय फोनवर यादी सांगितलीत तर सामान घरपोच येतं.

अमेय, ठाणे
माणसाची गरजच संपत आली आहे. फोनचा कॅमेरा पाकिटावरचा मजकूर वाचून दाखवतो. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप २०२० पासून आहे. ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषधी ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला, त्यात मुदत संपण्याची तारीखही असते. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दृष्टिहीनांसाठी खाद्यपदार्थांवर क्यूआर छापा असं कंपन्यांना सुचवलं. सक्ती करायची तर याची करा.

विलास, नागपूर
अमेय, मीही अंध आहे. तो क्यूआर पुड्यावर नेमका कुठे असतो, हे तुम्हाला दिसतं. मला गुळगुळीत प्लास्टिक लागतं. पाकीट चारी बाजूंनी फिरवत कॅमेऱ्यासमोर धरायचं, आणि मागची माणसं ट्रॉली पुढे ढकलत असतात. साध्या बारकोडमध्ये वस्तू कळते, तारीख नाही. तारीख असते चुरगळलेल्या कडेवर ठिपक्याठिपक्यांत छापलेली, तिथे ॲप हात टेकतं.

पण रेणुकाताई, मला तुमचंही पटत नाही. सोबतचा माणूस मोठ्याने वाचतो आणि आजूबाजूचे ऐकतात. माझी औषधं कोणती हे अनोळखी मुलाला का कळावं? सक्ती करायचीच तर वेष्टन बनवणाऱ्यावर करा. कोड जिथे छापलाय तिथे बोटाला लागेल असा उंचवटा द्या, बस. युरोपीय संघात औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये असणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडेही होऊ शकतं.

रेणुका, पुणे
विलासदादा, उंचवटा हवाच, त्यासाठी मी तुमच्यासोबत आहे. पण पाकीट हातात आल्यावरचा हा प्रश्न झाला. रॅकच्या ज्या रांगेत हात घालायचा, तिथपर्यंत मला कोण नेणार? कर्मचारी हवा की नको हे ग्राहकाने सांगायचं. तुम्ही नको म्हणा, मी हो म्हणीन.

सदानंदकाका, घरपोच सामान मीही मागवते. पण बाजारात जायची इच्छा असताना "घरी बसून मागवा" हे उत्तर मी मान्य करणार नाही.

आणि पैसे देताना काय होतं तेही ऐका. काही कार्ड मशीनना आता बटणंच नसतात, नुसती काच. बटणं होती तेव्हा पाचावरच्या उंचवट्यावरून बाकीचे आकडे सापडायचे. काचेवर पिन कसा टाकायचा? तो कॅशियरला सांगावा लागतो, सगळ्या रांगेसमोर. रोख द्यावं तर शंभर आणि दोनशेच्या नव्या नोटांच्या लांबीत फक्त ४ मिलिमीटरचा फरक आहे, आणि हाताळून मऊ झालेल्या नोटेवरच्या खुणा लागत नाहीत. टॉकबॅक, म्हणजे फोनच्या पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, लावून यूपीआय जमतं, पण दुकानदाराचा क्यूआर काउंटरवर कुठे चिकटवलाय ते विचारावं लागतंच.

अमेय, ठाणे
पिनचं मला ठाऊक नव्हतं. मशीनला बटणं असावीत हा नियम तर बँकांवरच घालता येईल, दुकानदाराला त्याचा भुर्दंड नको. माणूस देण्याच्या सक्तीला मात्र माझा विरोध आहे. छोट्या शहरातल्या मॉलमध्ये नोकर चार महिन्यांत बदलतात, शिकवायचं कुणाला आणि कितीदा?

रेणुका, पुणे
अमेय, नव्या मुलाला बिल करायला शिकवतातच ना? त्याच दिवशी अर्धा तास जास्त. दंड धरू नका, तुमचा हात पुढे करा, कोपर आम्ही धरू. ग्राहकाशी बोला, त्याच्या सोबत्याशी नाही. भाव आधी सांगा. सुट्टे मोजून हातात द्या.

सदानंद, किराणा दुकान, कराड
एवढं आम्ही बिनकायद्याचंही करू. माझं मशीन बटणांचं आहे, बँकेचा माणूस काचेचं घ्या म्हणून मागे लागलाय. त्याला नको म्हणून कळवतो. सक्तीबद्दलचं मत मात्र तेच आहे, ताई.