अण्णांच्या वहीतलं ते पान छापायचं की नाही?

धागा, गुहागर: आमचे अण्णा जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आता नारळी-पोफळीची बाग सांभाळतात आणि गेल्या चार पावसाळ्यांत त्यांनी आठवणींच्या तीन वह्या भरल्या. डिसेंबर १९७१ च्या युद्धात त्यांच्या पलटणीने पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागचा रस्ता अडवला होता. १० तारखेच्या रात्री वेढ्यातली पाकिस्तानची ३१ बलुच पलटण बाहेर पडायला निघाली ती थेट यांच्या मोर्च्यांवर आली. त्या रात्रीबद्दल अण्णा लिहितात, "हात इतके कापत होते, की मॅगझिन दोनदा हातातून सुटलं. आई आठवली." दादा म्हणतो, हे पान काढ, गावात तोंड कसं दाखवायचं? मला वाटतं, बाकी काही गाळलं तरी चालेल, हे पान राहिलंच पाहिजे.

माजी सैनिक, दापोली: दादांचं बरोबर आहे. मीही वर्दी घातलीय. भीती सगळ्यांनाच वाटते, पण ती पलटणीतच ठेवायची असते. लोक नेमकी तेवढीच ओळ उचलतील.

अलिबाग: उचलू देत. मॅगझिन सुटलं आणि त्यांनी ते परत लावलं, यात लाजण्यासारखं काय आहे? आमच्या रायगडातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत सापडले, घरी परतले आणि पुढे सगळं लिहून काढलं. १९०७ साली 'माझा प्रवास' छापताना चिंतामणराव वैद्यांनी त्यात फेरफार केले. मूळ मजकूर छापून यायला १९६६ उजाडलं. एवढी वर्षं लोकांनी दुसऱ्याने सारखं केलेलं वाचलं. अण्णांच्या वहीचं तसं करू नका.

माजी सैनिक, दापोली: गोडसे भटजी होते. भटजी घाबरला तर त्याला कोणी नावं ठेवत नाही. शिपायाचं तसं नसतं, त्याच्या मागे पलटणीचं नाव असतं.

चिपळूण: मी इतिहास शिकवतो. पान ठेवा, पण तारखा तपासून घ्या. पन्नास वर्षांनी आठवण सरकते.

गुहागर: सरकली आहेच. अण्णांनी १२ तारीख लिहिलीय. ती तशीच ठेवून खाली टीप देईन.

दापोलीच्या काकांचं म्हणणं काल अण्णांना वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग वही मागून घेतली आणि त्याच पानाखाली शेजारच्या मोर्च्यातल्या जवानाचं नाव-गाव लिहिलं. त्याचेही हात कापत होते म्हणाले. सकाळी तो उठला नाही.

दादा अजून तयार नाही. मी ते पान टाइप करायला घेतलंय.